जागचे न हललेले तीळ

पितृपंधरवडा लागला की सोलापुरात ऊन आणि ढग यांची भाऊबंदकी सुरू होते. सकाळी ऊन कपाळ तापवतं, दुपारी ढग येऊन चार थेंब टाकतात, आणि संध्याकाळी दोघंही काही न देता निघून जातात. घरोघर वडे तळल्याचा वास येतो. एरवी ज्यांना दगड मारून हाकलायचं त्या कावळ्यांना या दिवसांत माणसं हात जोडून बोलावतात. माझा या पंधरवड्यावर राग आहे. मेलेल्या माणसांना वर्षातून एकदा जेवायला घातलं की आपलं त्यांच्याशी सगळं मिटलं, असं माणसाला वाटायला लावणारा हा पंधरवडा आहे.

नवमीला मी आमच्या आडाचं झाकण काढतो. सवाष्ण गेलेल्या बायकांची ही नवमी. झाकण लाकडी आहे, जड आहे, माझ्या आईनं करवून घेतलेलं. आत वाकून बघितलं की खोल खाली आभाळाचा एवढासा तुकडा दिसतो आणि त्यात माझं डोकं. पाणी अजून आहे. कुणी पीत नाही, कुणी उपसत नाही.

यंदा नवमीच्या चार दिवस आधी वैरागहून माझ्या सासऱ्यांचा निरोप आला. 'जेवाया येतो.' दहा वर्षांत त्यांनी आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. निरोप आणणाऱ्या माणसानं पुढचंही सांगितलं, कारण त्याला ते सांगण्यासारखंच वाटलं होतं. सासरे म्हणाले होते, "आता ती म्हातारी न्हाई. आता जायाला हरकत न्हाई."

ती म्हातारी म्हणजे माझी आई. ती गेल्या माघात गेली.

आम्ही रंगारी. माझे वडील घरीच लुगडी रंगवायचे, आणि आमच्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू कुठली असं विचारलं असतं तर लहान पोरानंही आडाकडे बोट दाखवलं असतं. सोलापूरचं पाणी बहुतेक खारं, जड. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि रंग तर असा बसतो की धुणारीनं शिव्या द्याव्यात. आमच्या आडाचं पाणी मऊ होतं. त्याला कुणाचा हात लागलेला वडिलांना खपायचा नाही. इतर घरी बाळंतीण पाण्यावर जाते तेव्हा आडात हळदकुंकू वाहतात. आमच्याकडे हळद काठाच्या दगडाला लावायची, पाण्यात चिमूटभरही पडू द्यायची नाही. नवी सून घरात आली की सासू तिला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी आड दाखवायची आणि म्हणायची, "ह्यात कायबी पडू दिऊ नगंस."

इंदूलाही आईनं हेच सांगितलं होतं. इंदू माझी बायको. वैरागची. लग्न झालं तेव्हा मी गिरणीत रंगखात्यात लागलो होतो, पण नमुने घरीच काढायचो, आमच्याच पाण्यात. गिरणीतली औषधं आणून मी एकदा ते पाणी तपासलं होतं. लोखंड नाही, खार नाही. परसात उभा राहून मी मोठ्यानं सांगितलं होतं, "सोन्यासारखं पाणी आहे." आई, इंदू, शेजारच्या दोघीतिघी ऐकत होत्या. मी तपासलं ते रंगापुरतं तपासलं. पोटाचा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मलाही सुचला नाही. रंगाला जे चांगलं ते पोटाला वाईट कसं असेल? आमच्या घरात हा प्रश्न चार पिढ्यांत कुणाला पडला नव्हता.

त्याच वर्षी दिवाळीनंतर गिरणीनं मला वर्षभरासाठी हॉलंडला धाडलं, तिथल्या एका कारखान्यात पक्के रंग शिकायला. आईनं शेंगांची चटणी दिली, संक्रांतीसाठी तिळाची पुरचुंडी दिली. इंदूनं काही दिलं नाही. निघताना म्हणाली, "तितलं पानी कसं हाय ते पयलं लिवा."

रंगाऱ्याची बायको ती, दुसरं काय विचारणार?

मी लिहिलं. काय सांगू, तिथं पाणी होतं. जिकडे बघावं तिकडे पाणी, रस्त्याच्या कडेनं पाणी, शेतांच्या मधून पाणी, गाई गुडघाभर गवतात आणि गवत घोटाभर पाण्यात. आमच्याकडे चैत्रात बायका घागरीला घागर लावून टाकीवर बसतात, आणि इथं माणसं पाणी उपसून समुद्रात टाकतात! मला अक्षरशः राग यायचा. कारखान्यातला एकजण म्हणाला, इथून काही तासांवर एक गाव आहे, त्या गावात रस्ताच नाही. घरापुढे कालवा, घरामागे कालवा. माणसं नावेतून बाजाराला जातात, नावेतून चारा आणतात. तेही मी इंदूला लिहिलं, आणि थट्टा म्हणून वर जोडलं की त्या गावात सून सासरी नावेतून येते.

तिचं उत्तर आलं. मी तिला लिहायवाचायला शिकवलं होतं. ती बोलते तसंच लिहायची. 'नावंत बसून सासरी? मग ती पळून कशी जात आसंल? मला ते गाव बगायचं हाय. नुसतं सांगू नका, दावा.' आणि शेवटी, नेहमीसारखं, 'तितलं पानी व्हातंय का साचल्यालं?'

मी लिहिलं, वाहतं. मी ते गाव पाहिलं नव्हतं. पण एवढं पाणी साचलेलं असेल हे माझ्या डोक्यात येईना. आमच्याकडे साचतं ते डबकं. सीना दुथडी भरली तर वाहते, आटली तर वाळू. भरपूर आहे आणि तरी वाहत नाही, असं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं.

श्रावणात तार आली. 'इंदू पटकीनं वारली.' चार शब्दसुद्धा नाहीत. मी ती तार घेऊन रंगखात्यात गेलो आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. मला रडू आलं नाही, हे मी आज लपवत नाही. एवढ्या लांबून मरण खरं वाटतच नाही.

खरं वाटू लागलं ते टपालानं. आगबोटीच्या टपालाला तीन आठवडे लागायचे. तार आली त्याच्या चौथ्या दिवशी इंदूचं पत्र आलं. त्यात ती खुशाल होती. पुढच्या आठवड्यात दुसरं आलं, त्यात आईच्या, म्हणजे तिच्या आत्याबाईंच्या, गुडघ्यांची तक्रार होती आणि शेजारच्या म्हशीला रेडकू झालं होतं. माझी घरमालकीण, एक विधवा बाई, टपाल आलं की हसतमुखानं वर आणून द्यायची. तिला वाटायचं, नवऱ्याला बायकोचं पत्र आलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात तिसरं पत्र आलं. पाकिटावरच्या तारखेवरून कळलं, हे शेवटचं. ते मी फोडलं नाही.

नवमी आली तेव्हा मी रजा काढली आणि एक मोटार ठरवली. एकट्यासाठी. कारखान्यातली मंडळी असल्या गावांना रविवारी गटानं, गाणी म्हणत जायची. मला त्यांच्यात जायचं नव्हतं. वर्षाच्या आत ही नवमी धरत नाहीत, हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की अग्नी माझ्या हातचा मिळाला नाही, तिकडे चुलतभावानं दिला. निदान वाहत्या पाण्यात तिळाची ओंजळ माझ्या हातची पडावी. आणि ते गाव तिला बघायचं होतं. मी तिळाची पुरचुंडी घेतली, न फोडलेलं पत्र घेतलं. घरमालकिणीनं पावात चीज घालून बांधून दिलं आणि हात हलवून म्हणाली, मजा करा.

ड्रायव्हर गुबगुबीत, बोलका, मोडकं इंग्रजी बोलणारा. हिंदुस्थानचा एक साहेब आपलं गाव बघायला पैसे मोजून आलाय म्हणून त्याला कोण अभिमान! हा पूल बघा, ही पवनचक्की बघा, ही काळी-पांढरी गाय दिवसाला किती दूध देते ठाऊक आहे का? मी मान हलवत होतो. आभाळ खाली आलं होतं, धुण्याच्या पाण्यासारखं करडं. शेतांच्या वर धुकं, आणि सगळी जमीन परातीसारखी सपाट. चढ नाही, उतार नाही. रंगाऱ्याच्या डोळ्याला तेव्हाच कळायला हवं होतं की उतार नाही तिथं पाणी जाईल कुठं. पण माणूस आपल्याला हवं तेच बघतो.

गाव खरंच तसं होतं. गवतानं शाकारलेली घरं, प्रत्येकाच्या दारात कालवा, त्यावर उंच लाकडी पूल. मोटार वेशीबाहेरच ठेवावी लागली. एक म्हातारी नाव घेऊन उभी होती, डोक्याला पांढरी टोपी, पायात लाकडी जोडे, हातात पुरुषभर उंचीहून मोठी काठी. ड्रायव्हर दुभाषा म्हणून बरोबर बसला. म्हातारी काठी तळाला टेकवायची, रेटायची, आणि नाव काही आवाज न करता पुढे सरकायची. ती आपणहून बोलत होती आणि ड्रायव्हर सांगत होता. या नावेतून गवत जातं, गाई जातात, नवरी येते. मग म्हातारी काहीतरी म्हणाली आणि तो जरा थांबला. "आणि मेलं माणूस," तो म्हणाला. "तेपण नाव. दुसरा रस्ता नाही."

इंदू, मी मनात म्हटलं, ती पळून कशी जाते ते कळलं. ती पळून जात नाही.

पाणी तपकिरी होतं, काताच्या पाण्यासारखं. पूर्वी इथल्या लोकांनी जाळायला काळी माती खणून काढली, ड्रायव्हर म्हणाला, आणि जमीन खणली तिथं पाणी भरलं. मी सवयीनं ओंजळभर उचलून बघितलं. या पाण्यात मी फडकंसुद्धा रंगवलं नसतं.

एका वळणावर, घरं संपून लव्हाळी सुरू झाली तिथं, मी म्हातारीला थांबायची खूण केली आणि पत्र फोडलं.

'सा. न. काल औशिद टाकनारी मानसं आली हुती. गल्लीत दोघंजन पटकीनं पडल्यात. समद्यांच्या आडात लाल औशिद टाकलं, पानी डाळिंबावानी लाल झालंया. आपल्या आडाचं तसं झालं तर तुमी आल्यावर नमुनं कशात काडनार? आत्याबाई म्हनत हुत्या, टाकू दे गं, लोक मरायलेत. मी काठावर बसूनच ऱ्हायले. म्हनलं आमच्या ह्यांनी पानी तपासलंया, त्यात कायबी न्हाई, ते रंगच शिकाया साता समुद्रापल्याड गेल्यात. मानसं हसली अन् गेली. तुमचं पानी हाय तसं हाय. काळजी करू नका. तितलं पानी साचल्यालं आसंल तर पिऊ नका.'

मी ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा. ड्रायव्हर पाव खात होता. त्यानं विचारलं, "घरचं? सगळं छान?" मी म्हटलं, छान.

मग मी पुरचुंडी सोडली. ओंजळीत पाणी घेतलं, त्यात तीळ घेतले, तिचं नाव घेतलं, आणि बोटांवरून पाणी सोडलं. तीळ पाण्यावर पसरले. मी त्यांच्या जाण्याची वाट बघत बसलो. ते गेले नाहीत. नावेला लागून, माझ्या हाताखाली, जिथं पडले तिथंच राहिले. मी पुन्हा ओंजळ सोडली. ते तीळही पहिल्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"हे पाणी कुठल्या बाजूला वाहतं?" मी विचारलं.

ड्रायव्हरनं म्हातारीला विचारलं. दोघं हसली. "नाही वाहत," तो म्हणाला. "कुठे जाणार? सगळं सारखं. आमचं पाणी घरी राहतं."

म्हातारीचं हसू अर्ध्यात थांबलं. तिनं माझा चेहरा बघितला, तीळ बघितले, मांडीवरचं पत्र बघितलं. काय समजायचं ते ती समजली असावी. तिनं काठी उचलली आणि टोकानं तिळांच्या मागचं पाणी हळूच ढवळलं, त्यांना पुढं लोटायला. दोनचारदा लोटलं. तीळ गोल गोल फिरले आणि परत येऊन नावेच्या ओल्या लाकडाला चिकटले. तिनं काठी खाली ठेवली आणि मान फिरवून घेतली. परतीच्या सबंध वाटेत ते तीळ नावेला चिकटून माझ्याबरोबर धक्क्यापर्यंत आले.

मी मार्गशीर्षात घरी आलो. आडावर नवं झाकण होतं. इंदू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी आईनं औषधवाल्यांना बोलावून आणलं होतं आणि मग सुताराला. आई म्हणाली, "तिचा शेवटला कागद तुला मिळाला आसंल. वाच की. काय लिवलं हुतं पोरीनं?"

आईला अक्षर येत नव्हतं. मी पत्र उघडून धरलं आणि वाचलं. औषधाचं वगळलं. त्या जागी मी माझ्या मनचं घातलं: थंडीत गरम कपडे घाला, आत्याबाईंची काळजी करू नका, मी त्यांना जपते. आई ऐकत होती. माझ्या तोंडाकडे बघत होती, कागदाकडे नाही. संपल्यावर तिनं विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

ती उठून आत गेली. आता मला कळतं, ती त्या दिवशी आडापाशी इंदूच्या शेजारी उभी होती. इंदू काय बोलली ते तिनं कानांनी ऐकलं होतं. आणि इंदू ते मला लिहिल्याशिवाय राहणार नाही हेही तिला ठाऊक होतं. मी कुठला शब्द गिळला ते तिला नेमकं कळलं.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "दत्तू, तुला सांगायचं ऱ्हायलं. आडात औशिद मी टाकू दिलं न्हाई. इंदू म्हनत हुती, टाकू द्या. मीच काठावर बसून ऱ्हायले. सासऱ्याचा आड, त्यात कसं काय पडू द्यावं, म्हनलं. चूक माजी हाय."

पत्र माझ्या ट्रंकेत होतं. चार पावलांवर. मी उठून आणून वाचून दाखवायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, आई, तू खोटं बोलतेस. तू टाकू दे म्हणालीस, ती माझ्या शब्दाला धरून बसली, आणि माझा तो शब्द अर्धवट होता. मी एवढंच म्हणालो, "जाऊ दे आई. झालं ते झालं."

क्षमा करणाऱ्यासारखा म्हणालो. त्या एका वाक्याची मला आजही शिसारी येते.

आईनं ते मलाच सांगून ठेवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. तिनं सगळ्यांना सांगितलं. विचारलं त्याला सांगितलं, न विचारल्यालाही सांगितलं. गल्लीत कुणी म्हणू नये की रंगमास्तरच्या तपासलेल्या पाण्यानं त्याची बायको खाल्ली. मग गल्ली दुसरं म्हणू लागली. सासूनं सून मारली. बायका तिला हळदीकुंकवाला बोलवत नव्हत्याच, ती विधवा होती. आता टाकीवर तिच्या घागरीशेजारी घागर ठेवेनात. माझे सासरे वैरागहून आले आणि दारातच उभे राहिले. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी तो हातानं उडवला. "तुज्या घरचं पानी माज्या पोरीनं पेलं, तेवडं बास झालं," ते म्हणाले. आई खाली वाकून सांडलेलं पाणी पुसत होती. मी आतल्या दारात उभा होतो.

दहा वर्षं मी आतल्या दारात उभा राहिलो. पगार वाढला, रंग पक्के बसू लागले, माझ्या हाताखाली शिकलेली माणसं दुसऱ्या गिरण्यांत मास्तर झाली. दर नवमीला आई पान वाढायची, पहिला घास बाहेर ठेवायची आणि कावळ्याला म्हणायची, "ये बाई, माज्यावर राग धरू नगंस." मी ऐकायचो. कधी कधी वाटायचं, आज सांगावं. मग जेवण व्हायचं, झोप यायची. माणसाला वाटतं पाप पेलायला फार ताकद लागते. छे! दुसरं कुणी उचलत असलं की काहीच लागत नाही.

माघात ती आजारी पडली. शेवटचे दोन दिवस शुद्ध येत-जात होती. मी ट्रंकेतून पत्र काढून उशाशी बसलो होतो. तिनं डोळे उघडले, माझ्या हातातला कागद बघितला आणि म्हणाली, "ठिव ते." मी ठेवलं. ती आईची शेवटची आज्ञा होती असं म्हणून मी आता स्वतःला सोडवू शकलो असतो. पण ती आज्ञा नव्हती. तिला फक्त माझी दया आली होती.

परवा नवमी झाली. सासरे आले. खूप वाकलेत, डोळ्यांना कमी दिसतं. उंबऱ्यावर क्षणभर थांबले, मग हात टेकून आत आले. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं झालं होतं. पंगतीत दोघंच, ते आणि मी. त्यांनी खिरीची वाटी संपवली. मग म्हणाले, "जावईबापू, लई वर्सं वाया घालवली. तुमच्याशी माजं कायबी वाकडं नव्हतं. पन ती बाई घरात आसताना माज्या गळ्याखाली घास उतारला नसता."

भिंतीला लागून ट्रंक होती. जेवता जेवता हात लांबवला असता तर कडीला लागला असता. बाहेर कौलावर कावळा येऊन बसला होता, आणि ठेवलेल्या घासाकडे बघत होता.

त्यांनी भांड्यातलं पाणी घोट घोट प्यायलं. सगळं प्याले. "पानी गोड हाय," ते म्हणाले.

"नळाचं आहे, मामा," मी म्हटलं, आणि तांब्या उचलून त्यांचं भांडं पुन्हा भरलं.